होटगीचा चिखल

सोलापूर
१४ जून १९७७

चि. सौ. दुर्गा हिस,

लीलाचा आशीर्वाद.

हे पत्र कामाचं आहे, हे आधीच सांगते. पाकिटावरचं माझं अक्षर बघून काही वाईट बातमी असेल असं वाटलं असेल, तर तसं काही नाही. नाना ठणठणीत आहेत. आम्ही सगळे मजेत आहोत. तुझ्या लग्नानंतर मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहायला बसले, ते मला एक माहिती हवी आहे म्हणून. धारवाडच्या कॉलेजात तू जंतूंचाच विषय शिकवतेस एवढं मला बाहेरून कळलं आहे. आपल्या ओळखीत त्या विषयातलं दुसरं कोणी असतं तर त्यालाच विचारलं असतं.

गोष्ट अशी, की गेल्या वर्षापासून मी घरी धुण्याची पावडर करते. सोडा आणायचा, स्लरी आणायची, परसात घमेल्यांत कालवायची, वाळवायची, चाळायची आणि पिशव्या भरायच्या. स्लरी म्हणजे काकवीसारखं काळं, दाट आम्ल. ओतताना नाकाला असं झोंबतं की शेजारचं मांजरही भिंत बदलतं. गल्लीतल्या बायका हाताखाली येतात. पावडर चांगली होते, गिऱ्हाईक तुटत नाही. अक्काला हे कुठून सुचलं म्हणशील, तर वेळ जात नव्हता म्हणून सुचलं.

पण फेस! घमेली, चाळण्या, आमचे कपडे, सगळ्याचं पाणी मोरीतून परसात जातं, तिथून नानांच्या अळवाच्या वाफ्याला आणि उरलेलं गल्लीच्या गटारात. आईच्या वेळेपासून हेच चालत आलं आहे, मोरीचं पाणी अळवाला आणि केळीला. साबण होता तोवर कधी काही झालं नाही. या पाण्यानं आधी केळ मान टाकून बसली आणि मग अळू करपलं. नानांचं अळू, दुर्गा. पेन्शनीत निघाल्यापासून तो वाफा हीच त्यांची नगरपालिका आहे. रोज सकाळी पानापानाची तपासणी व्हायची. आता ते तिकडे बघतसुद्धा नाहीत.

आणि गटारातला फेस जाऊन थांबतो समोरच्या राजाबाईच्या उंबऱ्याशी, कारण तिथं उतारच नाही. ती बिचारी दारात विड्या वळायला बसते. काल म्हणाली, "लीलाक्का, तुमची पावडर लई चांगली हाय, न्हाय म्हणत न्हाय मी. पर सकाळपासनं माज्या दारात ढग उतरतंय की. तंबाखूचं सूप भिजलं!"

ते नानांनी ऐकलं. जन्मभर सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणून गावाची गटारं तपासलेल्या माणसाच्या दारातून असं पाणी जातं म्हटल्यावर काय झालं असेल ते तूच ओळख. दसऱ्यापर्यंत फेस बंद नाही झाला तर पावडर बंद, असं त्यांनी सांगितलं आहे. आणि नाना एकदा बोलले की बोलले, हे तुला मी सांगायला नको.

तू बी.एस्सी.ला असताना जेवता जेवता सांगायचीस, की कुठला ना कुठला जंतू खात नाही असं जगात काही नाही, आणि नाना ताटावरून उठायचे. तर मग फेस खाणारा आहे का कोणी? असला तर कळव, नसला तरी कळव. नानांना या पत्राचं माहीत नाही. उत्तर घरी पाठवू नकोस, ह्यांच्या मिलच्या पत्त्यावर तर नकोच. राजाबाईच्या नावानं पाठव.

लीला

---

सोलापूर
९ जुलै १९७७

चि. दुर्गा,

तुझं पत्र पोचलं. मी एक प्रश्न विचारला आणि तू पानंच्या पानं भरून पाठवलीस. सगळी जंतूंवर, आणि स्वतःवर "आम्ही दोघे बरे आहोत" एवढंच. बरं, मीही तुला तसंच लिहिलं होतं. वर "जंतू नको, जिवाणू म्हण" म्हणून बजावलंस. बाईंचा बाईपणा जात नाही.

मला कळलं ते असं. साबण हा जिवाणूंच्या ओळखीचा माल, तो ते चट्टामट्टा करतात. स्लरी निघते खनिज तेलापासून, तिच्या रेणूंच्या साखळीला फांद्या असतात, त्या त्यांना सहजी तुटत नाहीत. पण जिथं असलं पाणी वर्षानुवर्षं साचत आलं आहे, तिथल्या चिखलात ते पचवायला शिकलेले जिवाणू असतात. त्यांना आणून हौदात ठेवायचं, बसायला जागा द्यायची, खेळती हवा द्यायची, आणि थोड्या पाण्यापासून सुरुवात करून हळूहळू वाढवायचं. नवीन सुनेला स्वयंपाकघर सोपवतात तसंच की हे.

मग तू लिहिलंस, "होटगीला आमच्या घरामागे मडिवाळप्पा रेल्वेच्या गार्ड-ड्रायव्हरांच्या खोल्यांतल्या चादरी धुतो. पावडर वापरायला लागून त्याला पुष्कळ वर्षं झाली. त्याच्या डबक्यातला चिखल आण. सासूबाई दाखवतील." आमच्या घरामागे! हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि भाकऱ्या थापल्या. मग पुन्हा उचललं.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघं होटगीला गेलो. नानांना सांगितलं, डबा भरून आणायला जातो. खोटं नव्हतं, रॉकेलचा रिकामा डबा नेला होता, तो चिखलानं भरूनच आणला.

तुझ्या सासूबाईंना, बसव्वांना, मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. कपाळाला ईबतीचे, विभूतीचे, पट्टे, हात पिठाचे. मी नाव सांगायच्या आतच म्हणाल्या, "तू दुर्गीची अक्का व्हय? नाकावरनंच कळतंय की! बा बा, आत ये." मी म्हटलं, चिखल न्यायला आलेय. तर बसव्वा म्हणतात, "चिखूल कुटं पळून जातोय? आदी जेव." जेवल्याशिवाय त्यांनी मागचं दार उघडलंच नाही. मडिवाळप्पा तर डबा बघून पोट धरून हसला. "आमचा धंदा घाण काडायचा. घाण मागाया आलेलं गिऱ्हाईक पयल्यांदाच बघतोय, अक्का. न्ह्या, काय पायजे तेवडी न्ह्या!"

इथपर्यंत छान झालं. मग बसव्वा बोलता बोलता म्हणाल्या, "दर दिवाळीला येती की पोरगी. सांजचं माळवदावर जाऊन सोलापूरच्या दिव्यांकडं बघत बसती. मी म्हनते जाऊन ये, तर न्हाय म्हनती."

दर दिवाळीला, दुर्गा. होटगीपर्यंत येतेस आणि तिथून परत जातेस. मी इथं दर दिवाळीला चकल्या तळताना मनात म्हणत असते, ती तिकडे लांब धारवाडला आहे, काय करणार. आणि तू माळवदावर! मला राग आला आहे आणि तो अजून गेलेला नाही. तुझ्या लग्नाची बातमी मला गल्लीबरोबरच कळली, तो राग मी जपून ठेवला होताच, त्यावर हा नवीन बसला. येताना गाडीत तो डबा मांडीवर घेऊन मी रडत होते. लोकांना वाटलं वासानं डोळ्यांत पाणी आलं.

हौदाचं काम सुरू केलं आहे. कळवीन.

लीला

---

सोलापूर
२१ ऑगस्ट १९७७

चि. दुर्गा,

माझ्या रागावर तू काहीच लिहिलं नाहीस, फक्त "अक्का, मी भ्याले होते" एवढी ओळ. ठीक आहे. मी ती वाचली आहे आणि ठेवून दिली आहे. आता हौदाचं ऐक.

हौद ह्यांनी बांधला. ह्यांना हल्ली वेळ असतो. मोरीच्या तोंडाशी पायऱ्या केल्या, म्हणजे पाणी उड्या मारत येतं आणि हवा खातं, तू सांगितलंस तसं. खाली हौद, त्यात फुटकी कौलं रचली, जिवाणूंना बसायला. त्यावर होटगीचा चिखल. पहिले काही दिवस नुसती दुर्गंधी, आणि फेस होता तिथंच. मी मनात तुला बरंच काही बोलून घेतलं. मग कौलांवर हळूहळू एक करडी बुळबुळीत साय धरली, आणि काय सांगू, वासच गेला! पावसात भिजलेल्या मातीसारखा वास येतो आता.

बाटल्यांची परीक्षा रोज करते. एका बाटलीत हौदात येणारं पाणी, दुसरीत बाहेर पडणारं. दोन्ही हलवायच्या. पहिलीत फेस बुचाला टेकतो. दुसरीत परवापर्यंत तोही तसाच असायचा, आता निम्म्यावर येऊन बसतो. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी परसात एकटीच ओरडले. राजाबाई धावत आली, तिला वाटलं साप निघाला.

नानांची गंमत सांगते. हौद बांधताना त्यांनी विचारलं, "हे काय?" म्हटलं, फेसावर उपाय. "कुणी सांगितला?" म्हटलं, धारवाडहून आलाय. मला वाटलं आता हौद फोडायला सांगतात. संध्याकाळी पोथी वाचता वाचता वर न बघता म्हणाले, "तिकडच्या बाईंना म्हणावं, उघड्या पाण्यावर डास होतात. झाकणाची काही योजना आहे का?" मी म्हटलं, जाळी लावू. म्हणाले, "जाळी बारीक हवी." आता दर दोन दिवसांनी काठी टेकत हौदाशी येतात, नाकाला उपरणं लावून बघतात आणि विचारतात, "तिकडून काय उत्तर आलं?" तुझं नाव काही घेत नाहीत. पण "तिकडून" हा शब्द या घरात इतक्या वेळा कधी ऐकू आला नव्हता.

अळवाचे कंद जमिनीत जिवंत होते. बाहेर पडणारं पाणी थोडं थोडं सोडून बघते आहे. एक कोंब वर आला आहे. नानांना दाखवला नाही, दृष्ट लागायची.

लीलाअक्का

---

सोलापूर
२४ सप्टेंबर १९७७

दुर्गा,

सगळं संपलं. तू मनावर घेऊ नकोस, यात तुझं काही चुकलेलं नाही.

गौरी यायच्या आदल्या दिवशी मी आत पुरणाच्या गडबडीत. नाना पहाटेच उठले. उद्या घरात लक्ष्म्या येणार, चार बायका हळदीकुंकवाला येणार, आणि परसात सडका हौद! त्यांनी त्यांच्या जुन्या कोठीतली ब्लीचिंग पावडर काढली, अख्खा डबा हौदात ओतला, काथ्याच्या कुंच्यानं एकेक कौल घासलं आणि ओल्या धोतरानिशी आत येऊन मला म्हणाले, "लीला, जाऊन बघ. हौद कसा आरशासारखा केलाय!" चेहरा इतका खूश, की मला आधी काही कळलंच नाही. मग मी परसात गेले. ती साय गेली होती. कौलं लालभडक, नवीन आणल्यासारखी. दवाखान्याचा वास.

दोन दिवसांत फेस पूर्वीसारखा, नव्हे, पूर्वीपेक्षा जास्त. गौरीच्या जेवणाची भांडी पडली होती ना. राजाबाईनं दार लावून घेतलं. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं.

आता तुला खरं सांगते. ह्यांच्या मिलचा भोंगा वाजून वर्ष उलटलं. आज उघडेल, उद्या उघडेल असं चाललंय. तुला लिहिलं वेळ जात नाही म्हणून पावडर करते, ते खोटं. पावडरवर घर चालतं, दुर्गा. नानांच्या पेन्शनीला आम्ही हात लावत नाही, ह्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सासऱ्याच्या घरात राहतो तेवढं पुरे. माझ्या हाताखालच्या बायकांचेही नवरे त्याच मिलचे. दसरा आला. पावडर बंद झाली तर दिवाळीला या गल्लीत काय शिजेल मला माहीत नाही.

म्हणून मी नानांना बोलले. बोलले म्हणजे ओरडले. म्हटलं, "जन्मभर मारतच आलात! तुमचा हात लागेल तिथं काही जगतच नाही. दुर्गानं सांगितलं तसं केवढ्या मुश्किलीनं केलं, तर तेही तुम्ही मारलंत!" तुझं नाव माझ्या तोंडून गेलं. चुलीवरचं दूध उतू गेलं, ते कोणी उतरवलं नाही.

नाना भिंतीला टेकून बसले. त्यांनी एवढंच विचारलं, "मारायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं का नाही?"

आणि दुर्गा, खरंच कोणी सांगितलं नव्हतं. तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, फिनेल आणि ब्लीचिंग जवळ आणू नका. मी ते ह्यांना सांगितलं, कामाच्या बायकांना सांगितलं, राजाबाईलासुद्धा सांगितलं. नानांना सांगायचं तर तुझं पत्र वाचून दाखवावं लागलं असतं, आणि या घरात तुझं पत्र मोठ्यानं वाचायची सोय नव्हती. कॉलऱ्याच्या साथीत आडाआडांत औषध टाकत गावोगाव हिंडलेला माणूस तो. त्याच्या हातानं किती माणसं वाचली असतील. चिखल दिसला की त्याच्या हाताला दुसरं काही सुचत नाही, यात त्याचं काय चुकलं?

मी अजून त्यांच्याशी धड बोललेले नाही. आज मला कोणाचाच राग येत नाही, नुसतं थकल्यासारखं झालंय.

अक्का

---

सोलापूर
१ ऑक्टोबर १९७७

प्रिय दुर्गा,

आधी बस, मग वाच.

तुला मागचं पत्र टाकलं त्याच दिवशी दुपारी नाना म्हणाले, "धारवाडची पत्रं आण." मी म्हटलं, कशाला? म्हणाले, "वाच." मी वाचली. सगळी, पहिल्यापासून. फांद्यांची साखळी आली तिथं त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. "अक्का, मी भ्याले होते" या ओळीवर मी अडखळले, तर म्हणाले, "पुढं वाच." शेवटी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "होटगीची गाडी किती वाजता असते?"

दुसऱ्या दिवशी आम्ही उठायच्या आत म्हातारा रॉकेलचा डबा घेऊन गायब! काळा कोट, टोपी, सगळा सरकारी पोशाख. दिवसभर माझ्या जिवात जीव नाही. ह्यांनी स्टेशनवर दोन खेपा घातल्या. दिवेलागणीला नाना आले, एका हातात चिखलाचा डबा, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. गाडी चुकली म्हणून एस.टी.नं आले. कंडक्टर डब्याला घेईना, तर म्हणे, "मी सॅनिटरी इन्स्पेक्टर आहे, हा सरकारी नमुना आहे." रिटायर झाल्याचं तेवढं सांगितलं नाही.

होटगीची हकिकत मी चिमट्यानं काढल्यासारखी काढली. ते बसव्वांच्या अंगणात जाऊन उभे राहिले आणि आपलं नाव, हुद्दा सांगितला. मडिवाळप्पाचं डबकं पाहायचं आहे म्हणाले. बसव्वा डोईवर पदर घेऊन पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. म्हणाल्या, "व्याही हायसा न्हवं तुमी? मग दारात का हुबे? चिखूल नंतर. आदी पानी घ्या."

मी विचारलं, मग? नाना म्हणाले, "मग काय, घेतलं. तहान लागली होती."

ज्या नानांनी तू लिंगायतांत लग्न केल्यापासून 'त्यांच्या' गल्लीतून जायचं सोडलं होतं, ते सांगत होते, तहान लागली होती! जेवलेसुद्धा. गाठोड्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आहे, बसव्वांनी लेकीच्या माहेरी म्हणून दिली.

बसव्वांनी त्यांना विचारलं म्हणे, "पोरीवर लई राग हाय व्हय अजून?" हे सांगून नानांनी डब्याचं झाकण पुन्हा घट्ट लावलं. मग आपणहून म्हणाले, "मी सांगितलं त्यांना. राग केव्हाच गेला. न बोलायची सवय तेवढी राहिली."

मी तुला हे जसंच्या तसं लिहिते आहे, माझं एक अक्षर घातलेलं नाही.

आता हौद त्यांनी ताब्यात घेतला आहे. चार वेळा धुऊन ब्लीचिंगचा वास पुरता घालवला, मगच चिखल टाकू दिला. सकाळी पहिला प्रश्न, "जनावरांना खायला घातलं का?" आज पाणी किती सोडायचं ते नाना ठरवतात. जास्त सोडलं तर मला ओरडतात, "अगं, त्यांची सवय मोडली आहे, दमानं घे!" दसरा जवळ आला म्हणून मी घाई करते आहे, आणि दसऱ्याची मुदत घालणारा माणूस मला दमानं घ्यायला सांगतो आहे. मुदतीचं मात्र अजून काही बोललेले नाहीत.

तुझी अक्का

---

सोलापूर
२४ ऑक्टोबर १९७७

प्रिय दुर्गा,

दसरा झाला. सोनं म्हणून आपट्याचं पान पत्रात घातलं आहे, चुरा झालं असेल तर पोस्टाला बोल.

दसऱ्याच्या सकाळी मी आंघोळ करून दोन बाटल्या भरल्या. नानांनी त्या माझ्या हातातून घेतल्या. त्यांनी दोन्ही हातांनी, डोळे मिटून, दोन्ही सारख्याच हलवल्या आणि कट्ट्यावर ठेवल्या. पहिलीत फेस बुचापर्यंत. दुसरीत करंगळीएवढा, आणि आम्ही बघता बघता तोही बसला. पार गेला असं नाही, तू आधीच म्हणाली होतीस सगळा जाणार नाही. वरती एक कड राहिली. नानांनी ती बाटली उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिली, जशी पूर्वी विहिरीच्या पाण्याची बघायचे.

मग बाहेर गेले आणि राजाबाईला घेऊन आले. म्हणाले, "पंच तू. सांग." राजाबाईनं गटारात डोकावून बघितलं, आपल्या उंबऱ्याकडं बघितलं, मग नानांकडं. म्हणाली, "नाना, चार दिस झालं मी दारात बसून विड्या वळतीया. तुमी बघितलं न्हाय व्हय? कडेला जरासं पांडरं येतंय, तेवडं काय. तेवडं तर माज्या भाताच्या पेजेचं पन येतंय की!"

नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "पावडर चालू दे." मी तिथंच कट्ट्यावर बसले आणि लहान मुलीसारखी रडले. कामाच्या बायका आल्या होत्या, त्याही पदर डोळ्याला लावायला लागल्या, आणि ह्यांनी उगीचच खराटा घेऊन झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला घेतलं. मिल काही उघडली नाही. पण या दिवाळीला गल्लीत दिवे लागतील.

हौदावर आता पाटी आहे. नानांनी जुन्या सरकारी अक्षरात रंगवली: "या हौदात फिनेल, ब्लीचिंग पावडर अगर कोणतेही जंतुनाशक टाकण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून, वे. मा. पुराणिक, सॅनिटरी इन्स्पेक्टर." निवृत्त लिहा म्हटलं, तर जागा नाही म्हणाले. ज्या माणसानं जन्मभर लोकांच्या दारात नेमकी उलटी पाटी लावली! रोज सकाळी काठी घेऊन गल्लीत फिरतात आणि मोऱ्यांत फिनेल ओतू नका म्हणून बायकांना दम देतात. बायकांना वाटतं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

तुला त्यांचा एक निरोप आहे. स्लरीत फांद्या नसलेल्या साखळीचा माल मिळतो का, मिळत असला तर कुठं, हे नीट चौकशी करून कळवावं. हे ते मला सांगत होते ते असं: "दुर्गाला लिही." मी लिहायची थांबले. त्यांच्याकडं बघितलं. ते मुद्दाम दुसरीकडं बघत होते. मग पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं, "दुर्गाला लिही म्हटलं ना. ऐकू येत नाही का?"

येतं की, नाना. ऐकू येतं.

आणि अळू. तो एक कोंब मी लपवला होता, तोच आधी वाढला, मग बाकीचे कंदही फुटले. आता वाफा भरला आहे, पानं सुपाएवढी. नाना कोणाला तोडू देत नाहीत. शेजारच्या बाई मागायला आल्या तर म्हणाले, राखून ठेवली आहेत. कोणासाठी ते सांगितलं नाही. काल संध्याकाळी वाफ्याशी बसून एकेक पान पुसत होते. मला हाक मारली. म्हणाले, दिवाळीला ती होटगीला येते ना? म्हटलं, येते. मग बराच वेळ एकच पान पुसत राहिले. मी आत जायला निघाले तेव्हा मागून विचारलं:

"जावई अळू खातात का?"

दुर्गा, मला काय माहीत तुझा शिवशरण काय खातो. मी त्यांना म्हटलं, विचारून सांगते. तर उत्तर लगेच पाठव, आणि या वेळी राजाबाईच्या नावानं नको, नानांच्या नावानं, घरी पाठव. पानं जून व्हायला लागली आहेत.

तुझी अक्का